फळांचं गारेगार: सोलापुरातल्या उन्हाळ्याच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार

यंदाच्या उन्हाळ्यात घरी फळांचं गारेगार करायचं. भाचा-भाची सुट्टीत इकडेच येणार आहेत, गल्लीतली पोरं तर बाराही महिने आमच्या पायऱ्यांवर असतात. पूर्व भागात दुपारचा एक वाजला की सायकलवरच्या पेटीची घंटा ऐकू येतेच. त्या लाल-पिवळ्या कांड्यांवर माझा राग नाही, त्या खातच मी मोठी झाले. पण ज्या जिल्ह्यातून डाळिंबं आणि द्राक्षं परदेशी जातात तिथल्या पोरांनी उन्हाळाभर इसेन्स चोखावा, हे मनाला पटत नाही. तेव्हा रंग नको, इसेन्स नको आणि फळ शक्यतो जिल्ह्यातलंच.

कसोटी एकच ठेवली आहे. बाजारातली कांडी जोरात चोखली की रंग आणि गोडी दोन-चार घोटांत संपते आणि काडीवर पांढरा बर्फ उरतो. पाणी गोठतं तेव्हा त्याचे स्फटिक नुसत्या पाण्याचे बनतात. साखर, रंग, स्वाद हे सगळं बाहेर ढकललं जातं आणि स्फटिकांच्या फटींत पाक होऊन बसतं. चोखताना आपण तो पाक ओढून घेतो, मागे राहतो तो बर्फ. माझ्या कांडीचा रंग काडीपर्यंत टिकला पाहिजे.

साच्यांसाठी चहाचे छोटे स्टीलचे ग्लास घेतले, वर रुंद, खाली निमुळते. कुल्फीचे ॲल्युमिनियमचे साचे घरात आहेत, पण आंबट रस त्यात तासन्‌तास ठेवला की धातूची चव उतरते. काड्या मधल्या मारुतीजवळून आणल्या. ग्लासावर फॉइल ताणून लावायचं आणि त्याला चीर पाडून काडी खोवायची, म्हणजे ती सरळ उभी राहते. ग्लास काठोकाठ भरायचा नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं.

आज दोन रस लावले: लक्ष्मी मंडईतली हिरवी द्राक्षं आणि कलिंगड. दोन्ही मिक्सरमधून काढून गाळले, वरून काहीच घातलं नाही.

१० मार्च

द्राक्षाची कांडी दाताने तुटते. कलिंगडाची दगड झाली आहे, आणि चोखल्यावर पांढरीफटक. फ्रीजर तोच, ग्लास तेच, वेळ तेवढाच. फरक फळातच असणार.

१६ मार्च, रविवार

नान्नजला मामाकडे जाऊन आले. हे गाव माळढोकचं आणि द्राक्षांचं. सोनाका आणि शरद सीडलेस या दोन्ही जाती इथल्याच नानासाहेब काळे यांनी निवडून काढल्या. मामेभावाची शेवटची तोडणी चालू होती. त्याच्या खिशात पेनासारखी नळी, तिला तो ब्रिक्स मीटर म्हणतो. मण्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात. त्यांची सीमारेषा ज्या आकड्यावर, तितके ब्रिक्स. म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम विरघळलेली साखर.

"अठरा भरल्याशिवाय आम्ही कात्री लावत नाही," तो म्हणाला. त्याची द्राक्षं २० भरली. मी बाटलीतून नेलेला कलिंगडाचा रस त्याने बघितला आणि हसलाच. "ताई, नऊ हाय बग. निम्मं बी नाही. मग दगडच होणार की."

उत्तर इतकं सरळ होतं. पाण्यात साखर जास्त असेल तर फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही थोडं पाणी न गोठता पाकाच्या रूपात राहतं आणि तेच कांडीला मऊपणा देतं. नऊ ब्रिक्सच्या रसात असं पाणी थोडंच उरतं, म्हणून दगड. वीसच्या रसात दुपटीहून अधिक उरतं, म्हणून दात लागतो. गंमत अशी की द्राक्षबागायतदार ज्या आकड्यावर कात्री लावतो, जवळपास तोच आकडा कांडीलाही लागतो. मी १८ धरून चालणार आहे. वर २२-२३ पर्यंत चालेल, पण त्यापुढे कांडी काडीवरून घसरायला लागते. शिवाय थंड जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे रस ग्लासात ओतताना प्यायच्या सरबतापेक्षा जरा जास्तच गोड लागला पाहिजे.

हंगाम संपत आल्यामुळे मीटर जूनपर्यंत मला दिला. वापरायच्या आधी साध्या पाण्यावर शून्य लावायचा. रस गाळलेला हवा, आणि गार. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी ठेवलेला गरम रस खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. मीटर २० अंशांच्या हिशोबाने बनवलेला असतो, आणि ते तापमान सोलापुरात मार्चनंतर फक्त फ्रीजमध्ये सापडतं.

२३ मार्च

कलिंगड पुन्हा. हिशोब असा: एक किलो रस ९ ब्रिक्सचा म्हणजे साखर ९० ग्रॅम. १८ वर न्यायचा तर ११० ग्रॅम साखर घालायची. नुसती ९० ग्रॅम नाही, कारण घातलेल्या साखरेने एकूण वजनही वाढतं. मीटरवर बरोबर १८ आलं.

कांडी आता चावता येते. पण चोखली की अजून फिकी पडते. कलिंगडाच्या रसात गर नसल्यासारखाच, पाण्याला धरून ठेवायला काही नाही. पुढच्या घाण्यात एक वाटी रसात चमचाभर आरारूट घालून, ढवळत उकळून घट्ट केलं, गार झाल्यावर बाकीच्या रसात मिसळलं आणि वर एक लिंबू पिळलं. सगळा रस उकळला असता तर कलिंगडाचा ताजा वास गेला असता. आता रंग अर्ध्याहून खाली टिकतो. कलिंगडाकडून यापेक्षा जास्त मिळेल असं वाटत नाही.

पाणी जिथे घालायचं तिथे उकळून गार केलेलंच. आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पाणी पिंपात साठवलेलं असतं. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात.

३० मार्च, पाडवा

सकाळी कडुलिंब-गूळ, दुपारी पन्ह्याची कांडी. कैरी उकडून गर काढला, त्यात गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. मीठ खरोखर चिमूटभरच. पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढण्यात वजनाला वजन मीठ साखरेच्या ११-१२ पट जोरकस असतं. पन्ह्यात आपण घालतो तितकं घातलं तर कांडी ओलसर आणि भुसभुशीत राहते. उकडलेल्या कैरीचा गर घट्ट असल्यामुळे रंग शेवटपर्यंत टिकला. भाऊजी दुसरी मागून घेऊन गेले.

६ एप्रिल, रविवार

ज्याच्यासाठी हा खटाटोप मांडला ते फळ आज हाताशी आलं. सांगोल्याकडचं हस्त बहाराचं (पावसाळा सरताना फुलोरा धरलेलं) डाळिंब, भगवा जातीचं. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशाचं डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून इथे केगावला आहे, आणि तरी आमच्या गल्लीत डाळिंब आणलं जातं ते कुणी आजारी पडलं तरच. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं.

रस दोन प्रकारे काढून बघितला. आधी दाणे मिक्सरला पूर्ण वेगाने फिरवले. बी भरडली गेली, रस तपकिरी झाला आणि जिभेवर तुरट खरखर राहिली. मग दाणे पातळ सुती पंचात बांधले. पंचा जुना, धुऊन-धुऊन विरविरीत झालेला, तोच चांगला. पाटावर ठेवून तळहाताने दाबत गेले. आत दाणे फुटताना हाताला कळतं: आधी बारीक कटकट, मग एकदम ढिला पडलेला गोळा. रस विणीतून थेंबाथेंबाने बाहेर येतो आणि परातीत उतरतो तो स्वच्छ, आरपार लाल. पिळताना शेवटचा जोर लावायचा नाही, त्या शेवटच्या चमच्यात तुरटपणा असतो. दाणे काढताना पांढरे पापुद्रे वेचून टाकायचे, कडवटपणा त्यांचा.

एक थेंब ओट्यावर सांडला. तो नुकताच खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसला होता. थेंब बघता बघता निळसर करडा झाला. त्यावर लिंबाची फोड टेकवली तर परत लाल. म्हणून डाळिंबात लिंबू हवंच, चवीसाठी आणि रंगासाठीही.

मीटर १५ दाखवतो. १८ करायला किलोला ३७ ग्रॅम साखर पुरली असती. पण हा रसही कलिंगडासारखाच पातळ, आरारूट लागलं असतं. तेवढ्यात फ्रीजमधली काळी द्राक्षं आठवली, मंडईत अजून शेवटचा माल मिळतो. शरद सीडलेस सालीसकट मिक्सरला बारीक केली, ती २० ब्रिक्सची. डाळिंबाचा रस आणि हा गर सारख्या वजनाने मिसळले आणि मिश्रण गाळलं नाही. १५ आणि २० चा मध्य साडेसतरा, साखरेचा डबा उघडावाच लागला नाही. साल आणि गर पाणी धरून ठेवतात.

७ एप्रिल

चोखली, जोरात चोखली. काडीपर्यंत लाल. नान्नज आणि सांगोला एका काडीवर, साखरेविना. सकाळपासून घरात येईल त्याला दाखवते आहे.

१५ एप्रिल

चव बसली, आता पोत. फ्रीजरमध्ये कांडी गोठायला पाच-सहा तास लागतात आणि एवढ्या वेळात स्फटिक मोठे होतात, जिभेला खर लागते. पाणी जितकं झटपट गोठेल तितके स्फटिक बारीक. कांडीच्या कारखान्यात साचे हवेत ठेवत नाहीत, शून्याच्या खाली गार केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवतात. द्रव हवेपेक्षा कितीतरी लवकर उष्णता ओढून घेतो.

घरी तेच बादलीत केलं. बर्फाची लादी गोणपाटात घालून फोडली, तीन वाटे बर्फ आणि एक वाटा खडेमीठ थराथराने भरलं. आत ग्लास गळ्यापर्यंत रोवले. बादलीला बाहेरून जुनी सोलापुरी चादर दुपदरी गुंडाळली. बर्फ-मिठाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ पर्यंत जातं. आमचं उणे १४ पर्यंत गेलं आणि तेवढं पुरेसं झालं. तासाभरात कांड्या तयार. पोत इतका बारीक की आत्या म्हणाली, "ह्यात दूध घातलंस काय गं?" थेंबही नाही.

जपायचं ते एवढंच की ग्लासाचं तोंड फॉइलने आणि वर रबराने घट्ट बंद हवं. खारं पाणी चमचाभर आत शिरलं तरी ती कांडी वाया. शिवाय लादीचा बर्फ खायचा नसतो. अखाद्य बर्फ निळा असावा असा राज्यात नियम आहे, तरी मी पांढऱ्या लादीवरही भरवसा ठेवत नाही. ग्लास बाहेर काढल्यावर आधी बाहेरून धुवायचे, मग फॉइल उघडायचं.

कांडी सोडवायला ग्लास साध्या पाण्यात बुडवायचा. सगळीकडे दहा-पंधरा सेकंद लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी टाकीचं पाणीच कढत येतं, त्यात तीन-चार सेकंदांत कांडी सुटते. जास्त वेळ ठेवली तर वितळते.

२४ एप्रिल, गुरुवार

काल दुपारी वीज गेली ती दिवे लागणीला आली. बाहेर पारा चाळिशीच्या वर. फ्रीजरमधल्या कांड्या कडेने सैल झाल्या आणि रात्री पुन्हा गोठल्या. आज एक मोडून उजेडात धरली तर आत सुया दिसतात, साबुदाण्याएवढे दाणेसुद्धा. अर्धवट वितळताना बारीक स्फटिक आधी विरघळतात, आणि पुन्हा गोठताना ते पाणी मोठ्यांवर जाऊन बसतं. एकदा असं झालं की पोत परत येत नाही. त्या सगळ्या कांड्यांचं सरबत करून संध्याकाळी पोरांना दिलं, परीक्षा चालू आहेत बिचाऱ्यांच्या.

सोलापुरात उन्हाळ्यात वीज जाणार हे धरूनच चालायला हवं. उपाय बादलीतच सापडला. बर्फ वितळून उरलेलं खारं पाणी मी आजवर मोरीत ओतत होते (झाडांना तर घालूच नये). ते साधारण २५ टक्के मिठाचं, त्यामुळे घरच्या फ्रीजरमध्ये गोठतच नाही. त्यात दीडपट साधं पाणी घातलं की १० टक्क्यांवर येतं. मग बाटल्यांत भरून, वर चार बोटं जागा सोडून फ्रीजरच्या कडेने लावायचं. हे पाणी गोठतं, आणि वीज गेली की कांड्यांच्या आधी वितळायला लागतं. वितळताना उष्णता तेच पितं. साध्या बर्फाच्या बाटल्यांचा इथे फारसा उपयोग नाही. तो बर्फ शून्यावर वितळतो, आणि कांडी त्याआधीच मऊ झालेली असते. बाटल्यांना 'मीठ' अशी मोठी चिठ्ठी चिकटवली आहे, कुणी सरबताला घ्यायला नको.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

आंबा. आमच्याकडे आजच्या दिवसापासून रस सुरू होतो. केशर वापरला, गर चाळणीतून काढला, १८ ब्रिक्स. पण नुसता गर गोठवला तर कांडी चिकट आणि जड होते, तहान भागत नाही. अर्धा किलो गर, पाव लिटर पाणी, ५५ ग्रॅम साखर, अर्धं लिंबू. म्हणजे पुन्हा १८. आंब्याला आरारूट नको, काहीच नको. रंग टिकवण्यात कुणी त्याच्या जवळही येत नाही.

११ मे, रविवार

सुट्ट्या लागल्या, गच्चीवर पोरांना बोलावलं. आंबा सगळ्यांत आधी संपला, ते अपेक्षितच होतं. डाळिंब-द्राक्ष दुसरं, आणि त्यातही मोठ्या मुलांनी ते आंब्याच्या वर ठेवलं. पन्हं लहानांना नको होतं, त्यांच्या आयांनी संपवलं. द्राक्षाच्या फोडी घातलेली कांडी मला स्वतःला पटली नाही. नुसतं फळ रसापेक्षा कडक गोठतं, दाताखाली गोटी येते. फोडी घालायच्याच असतील तर तासभर साखरेत मुरवून. आणि लहान मुलांसाठी मणी उभा चिरूनच, अख्खा कधीच नाही, घशात अडकतो.

भाच्याने विचारलं, कांडी पहिल्यांदा कुणी केली? फ्रँक एपरसन नावाच्या अमेरिकन मुलाची गोष्ट सांगितली. १९०५ मध्ये, ११ वर्षांचा असताना, त्याने सोड्याची पूड कालवलेलं पाणी ढवळायच्या काडीसकट रात्री बाहेर विसरलं आणि सकाळी ते काडीवर गोठलेलं मिळालं, असं सांगतात. पेटंट त्याने १९२४ मध्ये घेतलं. भाचा पण अकरा वर्षांचा. रात्री ग्लास गच्चीवर ठेवून बघू का म्हणाला. सोलापुरात मे महिन्यात! ठेव म्हटलं.

शेजारच्या अव्वा पायरीवर बसून बघत होत्या. त्यांना साखरेचा आजार, त्यामुळे आंबा नको आणि डाळिंब-द्राक्षही नको. वरून साखर घातली नसली तरी फळातली साखर ती साखरच, तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांच्यासाठी वेगळं केलं: पातळ ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना, किंचित मीठ. साखर नाही म्हटल्यावर हे दगडासारखं गोठतं, म्हणून काडी घातलीच नाही. पसरट ताटलीत गोठवून काट्याने खरवडलं आणि वाटीत चमचा घालून दिलं. उन्हाळ्यात त्या पाणी फार कमी पितात, सुनेची रोजची तक्रार. वाटी संपवून म्हणाल्या, "रोज देतीस काय?" देते.

१ जून, रविवार

यंदा पाऊस मेमध्येच सुरू झाला, हवा गार आहे, तरी मंडईत जांभळं दिसली आणि राहवलं नाही. गर हातानेच बियांवरून सोडवला, बोटं जांभळी. १३ ब्रिक्स. अर्धा किलो गराला २०० ग्रॅम पाणी आणि ७४ ग्रॅम साखर घालून १८ केलं. चिमूट मिठाने तुरटपणा दबतो. गर दाट, रंग काडीपर्यंत पक्का, काडीसुद्धा जांभळी झाली.

मीटर उद्या नान्नजला परत. तो नसेल तेव्हा चालवायला प्रमाणांचा कागद फ्रीजच्या दारावर लावला आहे. फळ त्या दिवशी किती गोड आहे ते बघून दहा-वीस ग्रॅम इकडे-तिकडे करायचे. भाचीने तो कागद उतरवून घेतला. तिच्या घरी जांभळाचं झाड आहे, ती उद्यापासून तिकडे करणार आहे.